रुसक्या मांजरीची बॅग

१२ जानेवारी

वन्सं,

'सप्रेम नमस्कार' लिहावं की नुसतं 'नमस्कार', या विचारात अख्खी सकाळ गेली. नुसतंच लिहिते. नमस्कार.

पत्र कामाचं आहे, उगाच गैरसमज नको. तुमचे बंधू म्हणाले, "फोन कर की सरळ." मी म्हटलं, फोनवर माणूस नको ते बोलून बसतं, पत्रात निदान खोडता तरी येतं. वर जे खोडलंय ते उजेडात धरून वाचू नका. मी तुम्हाला ओळखते.

तर झालं असं. मी चष्म्याचा नंबर बदलायला गेले होते. दुकानदाराने नव्या काचा नाकावर चढवल्या आणि म्हणाला, "समोर बघा, काय दिसतंय?" समोरच्या बाकावर एक मुलगी बसली होती आणि तिच्या मांडीवर मी बसले होते.

म्हणजे आपली बॅगेवरची मांजर हो. तेच अर्धे मिटलेले डोळे, तेच फुगलेले गाल, तोंडाची तीच खाली वळलेली कड. इतक्या वर्षांत कातड्यावर सुरकुत्या आल्यात, पण राग तसूभर उतरलेला नाही.

"काय दिसतंय, बाई?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"माझं तोंड," मी म्हटलं.

"समोर आरसा नाहीये," तो काळजीने म्हणाला आणि नंबर परत तपासायला घेतला.

मी त्या मुलीला विचारलं, कुठे मिळाली म्हणून. म्हणाली, "आजीची आहे. आई टाकून द्यायला निघाली होती, मी वाचवली. आता अशी मिळत नाही कुठे. व्हिंटेज आहे." व्हिंटेज म्हणजे काय ते मी घरी येऊन लेकीला विचारलं. ती म्हणाली, "जुनं झालं तरी भाव खाणारं." मग मी तरी दुसरी कोण आहे?

ही बॅग मी केलीय, असं अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. तिने मात्र एकदा बॅगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय."

आता काम. थोरले मालक जाऊन बराच काळ झाला. त्यांची नात आता कंपनी बघते. चित्रकाराला हाताशी धरून बॅगा काढायची कल्पना तिच्या आजोबांची. बॅगांची रचना करायला मी त्यांच्या नोकरीत होते आणि चित्रकार नणंद घरातच आयती होती, म्हणून आपली मांजर जन्माला आली. आता या जुन्या बॅगांसाठी तरुण मुली दुकानं पालथी घालतायत. तेव्हा नव्या मालकीणबाईंना ती पुन्हा काढायची आहे. चित्र तुमचं, म्हणून तुमची संमती हवी. रचना माझी, म्हणून मी निवृत्तीतून उठून यावं, अशी त्यांची गळ आहे.

माझी काही हरकत नाही. त्या काळी त्या मासिकवाल्याने तुम्हाला विचारलं होतं, "ही मांजर सुचली कशी?" आणि तुम्ही हसत हसत सांगितलंत, "आमच्या वहिनी रुसल्या की अश्शाच दिसतात." ते छापून आलं, अर्ध्या पानाच्या फोटोसकट. त्यानंतर औषधाच्या दुकानातला माणूससुद्धा गोळ्या देताना माझ्या तोंडाकडे बघून गालात हसायचा. पण ते सगळं मी केव्हाच विसरले आहे. म्हणूनच इतक्या बारकाव्याने सांगू शकते.

होय किंवा नाही, एवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

वहिनी


४ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. "होय. गुडघे कसे आहेत?" एवढ्या मोठ्या कार्डावर चार शब्द! बाकीची जागा काय वाऱ्याला सोडली होती?

आणि माझ्या गुडघ्यांची बातमी समुद्रापलीकडे कशी पोचली, हा प्रश्न मला पडला. मग लक्षात आलं की तुमचे बंधू दर रविवारी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालायला जातात आणि बराच वेळ घालत राहतात. आपल्या गॅलरीत कुंड्या किती? दोन. त्यात एक तर प्लास्टिकच्या फुलांची आहे. काल मी मागून जाऊन उभी राहिले. कानाला फोन, हातात झारी, आणि पाण्याची धार सरळ खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर.

"कोणाशी बोलताय?" मी विचारलं.

"झाडांशी," ते म्हणाले. "बोललं की वाढतात."

झाडांना म्हणावं, गुडघे बरे आहेत. जिना उतरताना कुरकुरतात, चढताना गप्प असतात.

आता कामाचं. कंपनीने जुने कागदी फर्मे टाकून दिलेत. जे कातड्यावर ठेवून कापायचं तेच नाहीत, तर बॅग करणार कशी? मालकीणबाई म्हणाल्या, एखादी जुनी बॅग उसवून तिच्यावरून नवे फर्मे काढावे लागतील, कुणाकडे आहे का? मी म्हटलं, माळ्यावर कुठेतरी धूळ खात पडली असेल एक. त्यावर माझ्यासोबत आलेली लेक सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलीयस ती? जिला तू दर महिन्याला तेल लावतेस?" माझ्याच पोटची पोर. कातडं तडकू नये म्हणून तेल लावावं लागतं, त्यात माया वगैरे काही नाही. धंद्याची शिस्त असते.

उसवायला बसले तेव्हा मात्र पहिला टाका तोडायला हात धजेना. तुमचे बंधू म्हणाले, "मी तोडू?" मी म्हटलं, खबरदार. मग मीच तोडला. एकेक भाग सुटा झाला आणि टेबलावर आपली मांजर पसरली. डोळे एकीकडे, गाल एकीकडे.

आणि तुम्हाला सांगते, तिचं तोंड कुठेच सापडेना. तुमच्या रंगात तोंड नाहीच! डोळे आहेत, मिशा आहेत, नाक आहे. तोंड म्हणजे माझ्या झाकणाची कड. ती कड मीच कमानीसारखी कापली होती, दोन्ही कोपरे खाली, म्हणजे आतलं सामान पडू नये. आणि बॅग भरली की पुढचा भाग फुगतो, तेच गाल. म्हणजे जितकं सामान जास्त, तितकी मांजर रुसलेली. हे मला माहीत होतंच की. पण हातात सुटे भाग धरून बघितल्यावर वेगळंच वाटलं. तुम्ही एवढं नेमकं ओळखलंत की त्या कडेवर बरोबर कसले डोळे बसतील! चित्र म्हणून चांगलं आहे हो ते. चित्र म्हणून म्हणतेय.

तुमच्याकडे थंडी फार असेल. छातीला जपा. झाडांकडून कळलं की खोकला आहे.

वहिनी


२५ फेब्रुवारी

वन्सं,

माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे, त्यामुळे अक्षर कसंही आलं तरी वाचून घ्या.

कंपनीला मांजर हसवायची आहे!

आज नमुन्याची बॅग बघायला बोलावलं होतं, लेकीला घेऊन गेले. तिथे त्यांचा मार्केटिंगवाला असतो. मी त्याला मनातल्या मनात गुळगुळीत म्हणते, कारण त्याच्या बोलण्यात कुठे धरायला जागाच नसते. त्याने कापड ओढलं, आणि खाली काय? मांजर दात काढून हसतेय. झाकणाची कमान उलटी केलेली, कोपरे वर. विमा विकायला आल्यासारखी दिसत होती.

"मॅडम, आम्ही लोकांना विचारलं. सगळ्यांना हसरे चेहरे आवडतात," गुळगुळीत म्हणाला.

"मग त्या जुन्या रुसक्या मांजरीसाठी पोरी वणवण का करतायत?"

"ते वेगळे लोक, मॅडम."

"अहो, बाईच्या खांद्यावर दिवसभर ओझं आहे. ती बस पकडतेय, जिने चढतेय, साहेबाचं ऐकून घेतेय. तिला हसू येत नाही, पण हसावं लागतं. मग तिच्या वतीने तिच्या बॅगेने रुसायला नको? म्हणून चालली ती बॅग!"

हे मी कुठून बोलले ते मलाही कळलं नाही. लेक नंतर म्हणाली, माझं तोंड तेव्हा अगदी मांजरीसारखं झालं होतं आणि गुळगुळीतने नकळत खुर्ची मागे सरकवली.

शिवाय रचनेचा प्रश्न आहे. मी सांगितलं की कोपरे वर वळवलेत तर दोन्ही बाजूंनी बॅग उघडी पडेल. तो म्हणाला, "काही पडत नाही, हे बघा," आणि स्वतःचं सामान भरून बॅग खांद्याला लावली, आणि त्या चकचकीत खोलीत जाहिरातीतल्यासारखी एक गिरकी घेतली. आधी कंगवा उडाला. मग नाकात घालायच्या औषधाची बाटली. मग अर्धं खाल्लेलं बिस्किट मालकीणबाईंच्या कॉफीत. शेवटी एक पायमोजा बाहेर आला, एकच, आणि तो का होता हे कुणी विचारलं नाही. मांजर मात्र हसतच होती.

मालकीणबाईंनी कॉफी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "रचनेचं बघू. पण हसू काढणं आमच्या हातात नाही."

हातात नाही म्हणजे? कंपनी कुणाची? ते काही नाही. तुम्ही चित्रकार आहात, तुमचं चित्र बिघडवतायत. त्यांना असं खरमरीत पत्र लिहा की त्यांची दातखीळ बसली पाहिजे. तुम्हाला लोकांना लागेल असं बोलता येतं, हे मला अनुभवाने माहीत आहे. या वेळी ते माझ्या बाजूने वापरा.

वहिनी


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आलं. आल्यावर मी ते तीनदा वाचलं, मग तुमच्या बंधूंना मोठ्याने वाचायला लावलं, मग त्यांना खोलीबाहेर घालवलं.

हसरी मांजर ही तुमचीच अट होती तर. गुळगुळीतचा काहीच दोष नव्हता. कंपनीने पाठवलेल्या संमतीच्या कागदावर तुम्ही स्वतः लिहून दिलंत की तोंड हसरं केलं तरच काढा. आणि का, तर "वहिनी, ते रुसकं तोंड तुमच्या मनाला लागलं होतं. आता परत हजारो बायकांच्या खांद्यावर तुम्हाला तसं मिरवायचं मला धाडस झालं नाही. हसरं केलं तर तुम्ही मला माफ कराल असं वाटलं."

मी तिकडे कंपनीत त्या हसण्यावर तुटून पडले, ते हसू तुम्ही माझ्यासाठी पाठवलं होतं!

मी बराच वेळ स्वयंपाकघरात कांदे चिरत बसले. कशात घालायचे हे ठरलेलं नव्हतं. तुमचे बंधू आत डोकावले, इतके कांदे बघून काहीही न विचारता परत गेले. त्यांना एवढी अक्कल आहे.

वन्सं, खरं सांगते, आणि हे खोडणार नाही. मला मांजरीचा राग नव्हता. मी रुसले की तशीच दिसते, माझी आईसुद्धा तेच म्हणायची. राग वेगळ्याच गोष्टीचा होता. आपण दोघी त्या बॅगेवर वर्षभर खपलो. तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर रंग सांडायचात, मी त्याच टेबलावर कातडं कापायचे, आणि तुमचे बंधू उभ्याने जेवायचे. रात्री अपरात्री, काय हसायचो आपण! आणि ती मुलाखत आली तेव्हा मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझं नाव शोधलं. नव्हतं. "माझी बॅग, माझी कल्पना, माझी मांजर." त्या अख्ख्या पानावर नाव तुमचं होतं आणि माझं फक्त तोंड होतं.

तुम्ही ते मुद्दाम केलं नसेल. मासिकवाल्यानेही कापलं असेल. पण तुम्ही कधी म्हणाला नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं की मी थट्टेने दुखावले, आणि मी तसं वाटू दिलं, कारण नाव नाही म्हणून रडणं मला हलकं वाटत होतं.

तेव्हा माझं म्हणणं ऐका. ती अट काढून टाका. मांजर रुसकीच राहू दे. माझं तोंड मला परत द्या.

आणि हसऱ्या मांजरीबद्दल, म्हणजे त्यामागच्या तुमच्या मनाबद्दल... इथे काय लिहायचं ते सुचत नाहीये. समजून घ्या.

तुमची,
वहिनी


१७ एप्रिल

वन्सं,

घाईत लिहितेय, कारखान्यातून. पहिली बॅग तयार झाली. रुसलीय. छान रुसलीय. आतमध्ये सामान भरून मी स्वतः जिने चढले-उतरले, एक पिनसुद्धा पडली नाही.

आणि आतल्या कप्प्यावर कातड्यात दोन नावं दाबलेली आहेत, एकाखाली एक. तुमचं आणि माझं. मालकीणबाई म्हणाल्या, चित्रकार बाईंनी नवीन अट घातलीय. त्या जरा वैतागल्या होत्या, तुमच्या अटी संपतच नाहीत म्हणून. मी म्हटलं, आमच्या वन्सं तशाच आहेत. पहिल्यापासून.

मी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने विचारलं, "काही चुकलंय का?" मी म्हटलं, नाही, चष्मा नवीन आहे, अजून सवय नाही.

नव्या बॅगेच्या उद्घाटनाला या. तिकडे "बघते" असं म्हणू नका. तुमचे बंधू तुमच्यासाठी मागच्या खोलीला रंग देतायत. स्वतःलाही देतायत. कुठला रंग हवा म्हणून झाडांना विचारायची आता गरज नाही, मी त्यांना सांगितलंय की दिवाणखान्यात बसून माझ्यासमोर फोन करा, मधेमधे मलाही द्या.

बाकी तुम्ही काल फोनवर म्हणालात की माझा आवाज म्हातारा झालाय. तुमचाही काही कोवळा नाही राहिला.

तुमची,
वहिनी


१९ मे, सकाळ

वन्सं,

तुम्ही पलीकडच्याच खोलीत आहात, तरी पत्र लिहावं लागतंय, याला काय म्हणावं! दाराखालून सरकवतेय. वाकून घ्या.

काल उद्घाटनाला जे झालं त्यात माझी काय चूक? तुम्हीच टॅक्सीत म्हणालात, "वहिनी, या वेळी मी जपून बोलेन." आणि बोललातही जपून. त्या वार्ताहर मुलीने विचारलं, हा चेहरा कुणाचा, तर तुम्ही म्हणालात, "कुणाचाच नाही. निव्वळ कल्पना." सगळ्या माणसांसमोर!

मग मला राहवेल कसं? मी उठले आणि म्हटलं, "कल्पना कसली? माझा आहे तो!" आणि खात्री पटावी म्हणून रुसून दाखवलं. एवढंच.

लोक एवढे टाळ्या वाजवतील हे मला काय माहीत? माझ्याबरोबर फोटो काढायला एवढी रांग लागेल हे तरी कुणाला ठाऊक होतं? "आजी, रुसा ना एकदा!" आणि मी रुसत होते. दर फोटोला रुसायचं म्हणजे गाल दुखतात हो, आज मला नीट चावताही येत नाहीये. तुम्ही तिकडे सही करायचं पेन उघडून उभ्या होतात, आणि सहीला कुणीच येत नव्हतं, हे मला दिसलं. मी तुम्हाला हाक मारणारच होते. तेवढ्यात रांगेतल्या एका मुलीने तुमच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "मावशी, आमचा दोघींचा फोटो काढता?" तिला माहीत नव्हतं तुम्ही कोण ते. मला माहीत होतं आणि मला हसू आलं. ते मात्र चुकलं.

पण तुम्हीही काढलात की फोटो! त्यात त्या मुलीचं डोकं नाही आणि माझं तर काहीच नाही. नुसती बॅग आणि तुमच्या बंधूंचा बूट.

कालपासून दार लावून बसलात. तुमचे बंधू सकाळपासून दाराबाहेर ट्रे घेऊन उभे आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत. पुन्हा बोलणं बंद होतंय की काय या भीतीने त्यांचा चेहरा इतका लांब झालाय की मला वाटलं, पुढच्या बॅगेला हा घोडा बरा दिसेल. मालकीणबाई नवीन प्राणी मागतायतच. बाहेर येऊन एकदा बघा आणि सांगा, तुमचे डोळे आणि माझं झाकण यात हे तोंड बसवता येईल का.

आणि वन्सं, रुसायचं तर खुशाल रुसा, तुमचा हक्क आहे. पण इतकी वर्षं दोघींनी वेगवेगळ्या देशांत, एकेकट्याने रुसून काढली. आता एका घरात आहोत, तर बाहेर या. समोरासमोर बसून रुसू.

तुमचीच,
वहिनी